मागाचा दंडक व गांवची राखण
(बीड प्रांताच्या अनुरोधानें)

बीड शहराची जुनी तटबंदी आतां तुटक राहिली असली, तरी तिच्या वेशींचीं नांवें लोकांच्या तोंडीं अद्याप आहेत. माळीवेस, राजुरी वेस व कोतवाली वेस हीं त्यांपैकीं होत. पहिल्या दोन नांवांवरून वस्तीचा किंवा वाटेचा बोध होतो. तिसरें नांव मात्र अधिकाराचें आहे. शहरास कोतवाल, तसा खेड्यास जागल्या. या दोघांच्याही मागें जो एक जुना दंडक उभा होता, त्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम घर पाहूं. या बाजूचें जुनें घर माळवदाचें. भिंती रुंद, परंतु बहुधा मातीच्या. दारास आंतून अडसर. धान्य बळदांत किंवा पेवांत. अडसर घातलेलें दार फोडण्यापेक्षां भिंत खणणें सोपें, व त्यास आवाजही कमी. मृच्छकटिकांतील शर्विलक चारुदत्ताच्या घरांत शिरतो तो भिंत फोडूनच. तात्पर्य, नुसत्या भिंती व अडसर यांच्या भरंवशावर कोणासही निर्धास्त निजतां येत नसे. खरी राखण घराबाहेर, गांवाच्या सामाईक जबाबदारींत होती.

या जबाबदारीचें विस्तृत वर्णन एल्फिन्स्टननें १८१९ सालीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील आपल्या अहवालांत केलें आहे. बीड त्या मुलखांत नव्हतें. तें निजामाकडे होतें. तथापि आष्टी-पाटोद्याचा प्रदेश नगर जिल्ह्यास भिडलेला असून पाटील, कुलकर्णी व बलुतेदार ही गांवची घडी सीमेच्या दोन्ही अंगांस एकाच वळणाची होती. म्हणून तें वर्णन येथें उपयोगी पडतें. मात्र बीडच्या गांवोगांव तंतोतंत तसेंच होतें, असा आमचा आग्रह नाहीं.

जागल्यानें रात्रीं पहारा करावा, गांवांत आल्यागेल्याची खबर ठेवावी, संशयित इसम पाटलास कळवावा व प्रत्येक घराची माहिती बाळगावी. चोरी झाली कीं पाउलांवरून माग काढावा. तो माग दुसऱ्या गांवीं नेऊन तेथील जागल्याची खात्री पटविली, म्हणजे पहिला मोकळा झाला. पुढें माग काढणें दुसऱ्याकडे. ज्या गांवीं माग शेवटीं पोंचे व तेथून बाहेर निघालेला दाखवितां येत नसे, त्या गांवानें चोरीचा ऐवज भरून द्यावा. आधीं जागल्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावें, उरलेलें गांवावर बसवावें.

हा दंडक मराठेशाहींतच उपजला असें नव्हे. माग गांवाबाहेर निघाला नाहीं तर दोष ग्रामपतीचा, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. त्या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याण राजधानींत लिहिली, व बीडचा प्रदेशही त्या काळीं चालुक्यांच्याच राज्यांत मोडत असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही वाटसरूंचा माल गांवांत चोरीस गेल्यास त्याची भरपाई गांवच्या मुख्याकडे आहे. शहरांविषयीं आईन-इ-अकबरी पाहावी. चोर व माल हुडकून काढावा, नाहीं तर कोतवालानें स्वतः जबाबदार राहावें, असें तींत म्हटलें आहे. धर्मशास्त्र, राजनीति व मोंगली कारभार या तिहींचा रोख येथें एकच दिसतो : ज्याच्याकडे राखण, त्याच्याकडे भरपाई.

या योजनेचा गुण उघड आहे. शेजाऱ्याच्या घरची चोरी ही आपल्याही पदरास खार लावणारी, हें प्रत्येकास ठाऊक असल्यानें सारें गांव जागें राही. परंतु तिचा दोषही झांकूं नये. जें गांव चोरी टाळूंही शकत नाहीं व ती भरूनही देऊं शकत नाहीं, त्याकडून ऐवज घेणें अन्यायाचें, हें एल्फिन्स्टननेंच नमूद केलें असून पूर्ण भरपाई क्वचितच घेत, असेंही तो सांगतो. त्यांतही पहिला भार रामोशी, भिल्ल, महार, मांग अशा निर्धन राखणदारांवर पडे. त्यांच्या पोटास घरोघरच्या धान्याचा अल्पसा हक्क, आणि शिरावर गांवच्या सर्व ऐवजाची जोखीम!

पुढें राज्य पालटलें, तेव्हां ही जोडणी उसवली. पुरंदरच्या राखणीचें काम असलेले रामोशी इंग्रजी अमलांत त्या कामास व हक्कांस मुकले. त्यांतून उमाजी नाइकाचें बंड उठलें व १८३२ सालीं पुण्यास त्यास फांशी झाली. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्यानें त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली, आणि तो रद्द झाला तो १९५२ सालीं. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत आहेत. ज्यांच्या भरंवशावर गांव निजत असे, त्यांवरच सरकारी दप्तरानें चोरीचा शिक्का मारला, हें या इतिहासांतील सर्वांत कटु प्रकरण होय.

निजामी राज्यांत सालारजंगानें १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. पोलीस पाटील व शेतसनदी हे गांवकामगार तेथें राहिले. परंतु वंशपरंपरेचें ओझें तसेंच होतें. मुंबई इलाख्यांत या ओझ्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं कायदेमंडळांत महार वतनाचें बिल मांडलें. चोवीस तासांची चाकरी व नांवापुरता मोबदला हें त्यांच्या तक्रारीचें मर्म होतें. बीड १९४८ सालीं निजामाच्या अमलांतून सुटलें, व १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यापासून पोलीस पाटलाचें पद वंशपरंपरेचें न राहतां नेमणुकीचें झालें.

आमच्या मतें या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच. जुन्या गांवास चोरीचें मर्म कळलें होतें : घराची राखण ही एकट्या घरधन्याची बाब नव्हे, ती शेजाराची व गांवाची होय. त्याची चूक झाली ती वांटणींत. जागें राहण्याचें काम सर्वांचें असतां तें कांहीं जातींवर टाकलें, हक्क तोकडा दिला आणि संशय मात्र भरपूर ठेवला. आज गांवोगांव ग्रामसुरक्षा दलें उभीं करतांना मागाच्या दंडकांतील सामाईक जबाबदारी अवश्य घ्यावी. परंतु पहाऱ्याची पाळी घरोघर फिरावी. राखणदाराचें ऋण न फेडतां त्यासच चोर ठरविणारें गांव कितीही उंच कुसाच्या आंत असलें, तरी तें राखलेलें नव्हे.