अलोहा ते वाय-फाय : वाटून घेण्याच्या विद्येचा इतिहास



आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर वाय-फायची एक लहानशी डबी असते. अब्बांचा मोबाईल, मुलाचा लॅपटॉप, मुलीचा अभ्यासाचा फोन, सारी यंत्रे तिच्यामार्फतच बाहेरच्या जगाशी बोलतात. एकाच हवेतून जाणारे हे निरोप एकमेकांत मिसळून का जात नाहीत, असा प्रश्न आपणांस कधी पडला आहे काय? त्याचे उत्तर शोधू गेल्यास थेट प्रशांत महासागरातील हवाई बेटांपर्यंत जावे लागते.

1960 च्या दशकाच्या अखेरीस हवाई विद्यापीठापुढे एक अडचण होती. मोठा संगणक होनोलुलू येथे एकच, आणि विद्यापीठाची शिक्षणकेंद्रे मात्र निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा प्रा. नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांऐवजी रेडिओलहरी वापरण्याचे ठरविले. जून 1971 मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. तिचे नाव ‘अलोहा’. हवाई भाषेत हा शब्द भेटीच्या वेळी अभिवादनासाठी उच्चारतात.

तिची युक्ती साधी होती. निरोपाचे लहान लहान तुकडे करावयाचे आणि सर्वांनी एकाच लहरीवर ते पाठवावयाचे. तुकडा पोहोचला की मध्यवर्ती केंद्र पोच देई. दोघांनी एकदम पाठविले तर दोघांचेही तुकडे बिघडत आणि पोच येत नसे. मग प्रत्येकाने थोडे थांबून पुन्हा पाठवावयाचे. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होणार. म्हणून प्रत्येकाचा थांबण्याचा काळ वेगवेगळा, जणू चिठ्ठी टाकून ठरविलेला असे. या पद्धतीत लहरीच्या क्षमतेचा फार तर 18 टक्के भाग उपयोगी पडे, हेही गणिताने सिद्ध झाले.

ही उणीव भरून काढण्याचे काम एका विद्यार्थ्याच्या हातून झाले. रॉबर्ट मेटकाफ यांचा पीएच.डी.चा प्रबंध 1972 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने नाकारला. त्यात सैद्धांतिक भाग अपुरा आहे असे परीक्षकांचे म्हणणे होते. त्यांनी हिंमत सोडली नाही. अब्रामसन यांचा अलोहावरील निबंध अभ्यासून, त्यातील गणित पुढे नेऊन त्यांनी प्रबंधात भर घातली आणि 1973 मध्ये पदवी मिळविली. त्याच वर्षी मे महिन्यात, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत असताना, त्यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्स यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. तिचा नियम असा : बोलण्यापूर्वी ऐका, तार मोकळी असेल तरच बोला, टक्कर झाली तर लगेच गप्प व्हा. आपल्या वडीलधाऱ्यांनी बैठकीत बसण्याचे जे शिष्टाचार शिकविले, त्याहून हे फार निराळे नाही!

हा नियम तारेतून पुन्हा हवेत यावयास आणखी काही वर्षे लागली. 1985 मध्ये अमेरिकन सरकारने काही लहरीपट्टे परवान्याशिवाय वापरण्यास खुले केले. त्यांतील एक 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन चालते तोच. 1997 मध्ये बिनतारी जोडणीचे पहिले सर्वमान्य मानक आले. त्याचा वेग सेकंदाला 1 ते 2 मेगाबिट इतकाच होता. ‘वाय-फाय’ हे नाव 1999 चे. आपल्या देशात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी 2005 मध्ये परवान्यातून मुक्त झाला. हवेत बोलणाऱ्या यंत्राला स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे टक्कर होताच गप्प बसण्याची सोय येथे नाही. म्हणून वाय-फाय आधी ऐकते, थोडे थांबते, मग बोलते आणि अलोहाप्रमाणे पोचेची वाट पाहते.

वाचकहो, हा इतिहास सांगण्यामागे एक हेतू आहे. वस्तू एक आणि गरजवंत अनेक, या अडचणीतून ही विद्या जन्माला आली. जोडलेले यंत्र मुलाच्या हाती आहे की मुलीच्या, हे त्या डबीला ठाऊक नसते. ती प्रत्येकाला पाळी देते. ते यंत्र कोणाच्या हाती द्यावयाचे, हे मात्र आपण ठरवितो. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांत मोबाईल एक आणि शिकणारी मुले तीन अशी स्थिती होती. अशा घरांत फोन प्रथम कोणाला मिळाला आणि कोणाचा तास बुडाला, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

इल्म हासिल करणे स्त्री-पुरुष दोघांवरही फर्ज आहे, ही आपली शिकवण आहे. तेव्हा पालकांना माझी विनंती अशी की, घरातील फोनचे अभ्यासासाठी वेळापत्रक करून भिंतीवर लावावे, आणि त्यात मुलीचा तास घरकामानंतर उरलेल्या वेळेचा नसावा. विद्यार्थ्यांनी मेटकाफ यांचा नाकारलेला प्रबंध ध्यानात ठेवावा. आपल्या संस्थेतील एखादी मुलगी उद्या या विद्येत नवी भर घालील, इन्शाअल्लाह. त्यासाठी आज तिला तिची पाळी मिळाली पाहिजे.