अंडाशयाचा कर्करोग, डीएनए-दुरुस्ती आणि केमोथेरपी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात जिवाणूंवरील विद्युतक्षेत्राचा परिणाम अभ्यासताना बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमची संयुगे पेशीविभाजन रोखतात, असे आढळले. त्यातील सिस्प्लॅटिन या औषधास तेथे १९७८ मध्ये मान्यता मिळाली. ते डीएनएला इजा करते. परंतु अंडाशयाच्या कर्करोगात काही स्त्रियांनाच ते अधिक गुणकारी का ठरते, याचा उलगडा पुढे झाला.

१९९४ मध्ये बीआरसीए-१ व १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुके ओळखली गेली. डीएनएच्या दुरुस्तीत त्यांचा वाटा असतो. त्यांतील वंशागत दोषामुळे कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र दुरुस्ती न साधल्याने तोच दोष कर्कपेशींना प्लॅटिनमपुढे दुबळे करतो. ओलापॅरिब (मान्यता २०१४) याच दुबळेपणावर आघात करते. उपचार आधी, कारणमीमांसा नंतर, असा हा क्रम दिसतो. म्हणूनच जनुकीय चाचणी हा आज उपचारनिश्चितीचा आधार ठरतो.