डॉज चार्जरचं कुर्ल्यातलं भावंड

आटपाडीहून पुन्हा एकदा तुमच्या इअरफोनमध्ये. आज विषय गाड्यांचा.

'फास्ट अँड फ्युरियस' बघितलाय ना? त्यातली डॉमिनिकची काळी गाडी म्हणजे १९७० ची डॉज चार्जर. अमेरिकन मसल कार. आता गंमत ऐका. त्याच डॉजच्या गाड्या एके काळी मुंबईत, कुर्ल्यात बनत होत्या. आणि त्या आणणारा माणूस होता सोलापूरचा.

आपल्या सांगलीत 'वालचंद' म्हटलं की इंजिनिअरिंग कॉलेज. पण ज्यांचं नाव त्या कॉलेजला आहे, ते वालचंद हिराचंद कोण, हे किती जणांना माहीत असतं? जन्म १८८२, सोलापूर. सुरुवात रेल्वेच्या ठेकेदारीपासून. १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी काढली, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना. तोच आजचा एचएएल.

मोटारीचं खूळ त्याच काळातलं. तेव्हा मुंबईत जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ पासून. पण तिथं फक्त जोडकाम चालायचं. पेट्या बाहेरून यायच्या, इथं नट-बोल्ट आवळायचे, गाडी तयार. वालचंदांना गाडी इथं बनवायची होती. अमेरिकेत बोलणी केली, शेवटी क्रायस्लर तयार झाली. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो हे सगळे क्रायस्लरचेच ब्रँड. १९४० मध्ये करार झाला, पण युद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारने साथ दिली नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहायला १९४४ उजाडलं आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडेपर्यंत स्वातंत्र्याचं वर्ष आलं.

इथं डॉज किंग्सवे, प्लायमाउथ सव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन गाड्या मिळायच्या. आत बघाल तर जवळपास एकच गाडी. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ॲप एक, लोगो तीन. सहा सिलिंडरचं दणकट इंजिन, ऐसपैस सीट. पण हे पेट्रोल पिणारं धूड परवडणार कुणाला? म्हणून प्रीमियरने इटलीच्या फियाटशीही हात मिळवला. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने ठरवलं की नुसतं जोडकाम करणाऱ्यांना इथं जागा नाही. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, कारण ती सुटे भाग इथं बनवायला लागली होती.

आता १९६६ वर या. अमेरिकेत चार्जर बाजारात आली. तिच्यात घेता येणारं सगळ्यात मोठं हेमी इंजिन सात लिटरचं, ४२५ हॉर्सपॉवर. त्याच वर्षी कुर्ल्यात काय बनत होतं? फियाट ११०० डिलाइट. १०८९ सीसी, साधारण ४० हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरएवढी ताकद!

हसू नका. तिकडे पेट्रोल पाण्याच्या भावात, रस्ते रुंद आणि पोरांच्या हातात पैसा. इकडे पेट्रोलसाठी डॉलर लागायचे आणि तेच नव्हते. वर्षाला किती गाड्या काढायच्या हेही सरकारी लायसन्सवर ठरायचं. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायचं. तिकडे गाडीचा इतिहास रेसचा आहे, आपल्याकडे रांगेचा.

पुढे हीच फियाट 'प्रीमियर पद्मिनी' झाली. चितोडच्या राणीचं नाव. स्टिअरिंगजवळचा हँडगिअर, आणि कुठलाही मिस्त्री पाना घेऊन उघडू शकेल असं इंजिन. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच.

मला विचाराल तर लायसन्स राजने दोन्ही गोष्टी केल्या. सुरुवातीला संरक्षण मिळालं म्हणून आपल्याकडे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि हाताला वळण असलेले मिस्त्री तयार झाले. पण ते संरक्षण इतकं लांबलं की गाडी सुधारायची गरजच उरली नाही. रांग लागलेलीच असेल तर सुधारणार कोण? १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिथून पद्मिनीची उतरण सुरू झाली. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं.

चार्जरचं तरी काय झालं? प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. मसल कारचा तो जमाना जेमतेम दहा वर्षांत आटोपला. ४० हॉर्सपॉवरची पद्मिनी मात्र भाडी मारत राहिली. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली.

पुढच्या वेळी चार्जरचं रील दिसलं तर लाइक जरूर करा. पण तिच्या खानदानात एक सोलापूरकर आहे, हेही मित्रांना सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गाडीवर असाल तर हेल्मेट घाला. राम राम!