संगणक सुरू होत नाही? तो कुठवर पोचतो ते बघा

रविवारची सकाळ. तिकडे पुण्यात संध्याकाळ झाली आहे, आई-बाबा व्हिडिओ कॉलची वाट बघत बसलेत. तुम्ही कॉम्प्युटरचं बटण दाबता, पंखा घुमतो आणि पडदा काळाच राहतो. मग आपण काय करतो? बंद, चालू, बंद, चालू! आज जरा थांबा आणि थोडा इतिहास ऐका. बिघाड शोधायला तोच उपयोगी पडतो.

संगणक सुरू होण्याला ‘बूट’ होणं म्हणतात. मूळ शब्द ‘बूटस्ट्रॅप’, म्हणजे बूट ओढून चढवायची पट्टी. ती धरून स्वतःच स्वतःला उचलायचं, अशी ही अशक्य कल्पना. संगणकाची अडचणही तशीच: प्रोग्रॅम वाचायला आधी आत एक प्रोग्रॅम हवा. आधी कोंबडी की आधी अंडं?

1952 च्या आयबीएम 701 यंत्रावर यासाठी ‘लोड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र छिद्रांच्या कार्डावरून पहिला शब्द वाचून घ्यायचं आणि मग पुढचं काम सुरू व्हायचं. 1975 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या ‘अल्टेअर 8800’ला तेवढीही सोय नव्हती. समोरचे खटके वर-खाली करून सुरुवातीच्या सूचना हाताने भराव्या लागत. पॉल अ‍ॅलन आपली बेसिक भाषा तिथे दाखवायला विमानाने निघाले, तेव्हा हा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला होता. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहिला, आणि तो चालला!

12 ऑगस्ट 1981 ला आयबीएम पीसी आला. त्यात ही सुरुवात एका चिपमध्ये कायमची बसवलेली होती. तिचं नाव बायॉस. बटण दाबताच ती मेमरी, कीबोर्ड तपासायची. सगळं ठीक असेल तर एक छोटी ‘बीप’, कीबोर्ड बिघडला असेल तर पडद्यावर 301 हा आकडा. म्हणजे यंत्र स्वतःच आपलं दुखणं सांगू लागलं.

तुमचा संगणक आजही याच पायऱ्या चढतो. म्हणून तो कुठे अडला ते बघा. दिवा नाही, पंखा नाही, तर आधी वायर, चार्जर आणि भिंतीतला प्लग तपासा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची वायर बघा. पुन्हा पुन्हा बीप वाजत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर त्या खुणा मोजून लिहून ठेवा. डिस्क सापडत नाही असं लिहून आलं, तर लावलेला पेनड्राइव्ह काढून बघा. दर वेळी तारीख चुकते, तर आतली छोटी बॅटरी संपत आली असेल. कंपनीचं चित्र दिसून पुढे सरकत नसेल, तर बिघाड बहुधा विंडोजमध्ये आहे. ‘सेफ मोड’ करून बघा.

19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवतो? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक अडकले, विमानं जमिनीवर राहिली. यंत्रं मोडली नव्हती. अनेक ठिकाणी माणसांनी एकेका संगणकापाशी बसून सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली. पण डिस्कला कुलूप असलेल्या ठिकाणी आधी 48 आकडी किल्ली शोधावी लागली.

तुमच्याही लॅपटॉपला ते कुलूप असू शकतं. ती किल्ली आजच कागदावर लिहून पासपोर्टच्या फाइलीत ठेवा. आणि घाबरून ‘सगळं पुसून नव्याने सुरू करा’ हा पर्याय लगेच निवडू नका. संगणक नवा आणता येतो. आजीचे फोटो, मुंजीचा व्हिडिओ दुकानात मिळत नाही. त्यांची दुसरी प्रत आज संध्याकाळीच काढा.

आणि हो, तोवर आई-बाबांना फोनवरून कॉल करा. ते वाट बघताहेत. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.