हॉटपॉट, खानावळ आणि 'पैसा वसूल'चा हिशोब

आजचा एपिसोड जेवणावर आहे. पण रेसिपीवर नाही, बिलावर.

मध्यंतरी ऑफिसच्या टीमसोबत एका जपानी हॉटपॉटवाल्याकडे गेलो होतो. टेबलाच्या मधोमध शेगडी, त्यावर उकळतं पाणी, बाजूला कच्च्या भाज्या आणि मांसाचे कागदासारखे पातळ काप. माणशी दर ठरलेला, वेळ दीड तास, हवं तेवढं मागवा. बाहेर पडल्यावर एकच चर्चा, पैसा वसूल झाला का? एक मित्र म्हणाला, "शिजवायचं पण आपणच आणि पैसे पण आपणच द्यायचे?" सगळे हसले. पण मला वाटतं, प्रश्न बरोबर होता. जेवणाची किंमत ठरते कशी आणि ती भरतं कोण, याला मोठा इतिहास आहे.

आधी जपान. पातळ काप उकळत्या पाण्यात हलवून खायच्या प्रकाराला 'शाबू-शाबू' हे नाव १९५२ मध्ये ओसाकाच्या सुएहिरो नावाच्या हॉटेलात पडलं. पाण्यात काप फिरवताना येणाऱ्या आवाजावरून. पुढे १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने 'हवं तेवढं खा' असा बुफे सुरू केला आणि त्याला 'वायकिंग' नाव दिलं. आजही जपानी लोक बुफेला 'बायकिंग' म्हणतात. यामागचं गणित सोपं आहे. कोणी जास्त खातो, कोणी कमी, मालक सरासरीवर चालतो. आपल्याकडे एकाच सर्व्हरवर शंभर युजर बसवतात ना, अगदी तसंच. सगळे एकाच वेळी लोड टाकणार नाहीत, हा भरवसा. आणि तो मोडू नये म्हणून दीड तासाची अट.

मी सिरोंच्याचा. गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक, गोदावरी आणि प्राणहितेचा संगम, नदी ओलांडली की तेलंगण. आमच्याकडे मराठीच्या जोडीला तेलुगू कानावर पडतेच. नदीपलीकडच्या हॉटेलांत दोन दर असतात, 'प्लेट मील्स' आणि 'फुल मील्स'. प्लेटमध्ये भात मोजका, फुलमध्ये पोट भरेपर्यंत. म्हणजे ठरलेल्या पैशात हवं तेवढं, ही आयडिया आमच्यासाठी नवी नव्हतीच. फक्त इथे शिजवायचं काम दुसरं कोणीतरी करतं.

आता मुंबईचं गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार. बायकामुलं गावी आणि एका खोलीत अनेक जण. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया चाळीतल्याच. जेवण रोज, पैसे महिन्याला, पगार झाला की. कामगारासाठी यापेक्षा पैसा वसूल काय असणार? पण जरा पलीकडच्या बाजूने बघा. महिनाभराचा किराणा त्या बाईने कुठून आणायचा? वाण्याकडून उधार, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. म्हणजे कामगाराचं जेवण स्वस्त होतं, कारण मधल्या महिन्याचं व्याज ती बाई भरत होती.

हे ओळखून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबला, की खानावळीचे पैसेही थांबले. संपाच्या इतिहासात गिरण्या येतात, युनियन येतात, डॉ. दत्ता सामंत येतात. पण उधारीच्या वहीचा इतिहास फार कमी सांगितला जातो.

पुढे सरकारही या हिशोबात उतरलं. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. काही वर्षांत योजना गुंडाळली आणि अनेक केंद्रांवर झुणक्याच्या जागी वडापाव, चायनीज आलं. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांना. त्यात ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. बेरीज करा, ४१० ग्रॅम. पण थाळीची किंमत दहा रुपये नव्हतीच. ती शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरली होती. वरचे ४० किंवा २५ रुपये सरकारने केंद्रचालकाला द्यायचे. इथे हा फरक निदान कागदावर तरी लिहिलेला होता. खानावळीत तो कुठेच लिहिलेला नव्हता.

म्हणून माझ्यापुरती मी तीन प्रश्नांची टेस्ट केली आहे. काम कोण करतंय? वरचे पैसे कोण भरतंय? आणि गणित चुकलं तर नुकसान कोणाचं? हॉटपॉटमध्ये शिजवायचं काम आपलं, पण नुकसान मालकाचं, आणि ते त्याने दरात आधीच धरलेलं असतं. तिथे आपण गप्प कार्ड स्वाइप करतो. आणि मेसच्या काकूंनी महिन्याला शंभर रुपये वाढवले, की व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चासत्र सुरू! सिलिंडर महागला, तेल महागलं, हे आपल्याला माहीत असतं. तरी घासाघीस होते ती तिथेच, कारण काकू समोर उभ्या असतात आणि हॉटपॉटचा दर छापलेला असतो.

हॉटपॉट वाईट नाही. दीड तास कोणी मोबाईल बघितला नाही, कारण लक्ष ठेवलं नाही तर काप चिवट होतात. त्या गप्पांचे पैसे मी आनंदाने दिले. पण 'पैसा वसूल' म्हणताना तो कोणाकडून वसूल झाला, एवढं विचारायला काय हरकत आहे?

तर या महिन्यात मेसचं बिल एक तारखेलाच भरून टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.