चौकट, टिक आणि निरंक

सरकारी कचेरीत काही वर्षं काढलेल्या माणसाला ‘निरंक’ या शब्दाची किंमत ठाऊक असते. महिनाअखेरीला वरून तक्ता येतो. त्यात पंधरा रकाने असतात आणि बाराव्या रकान्यात भरण्याजोगं आपल्याकडे काही घडलेलंच नसतं. नवखा कारकून तो रकाना कोरा सोडतो, मुरलेला तिथे ‘निरंक’ लिहितो. कोऱ्या रकान्यावर वरून विचारणा होते, की काहीच नव्हतं की भरायचं राहून गेलं? ‘निरंक’ लिहिलं की विचारणा होत नाही. रकाना पाहिला, विचार केला, सांगण्यासारखं काही नाही, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत येतं.

तोच तक्ता आता पडद्यावर आला आहे. ओळींत माणसं, रकान्यांत त्यांची माहिती, आणि जिथे उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असतं तिथे एक छोटी चौकट. ‘कागदपत्रं तपासली’ या रकान्यात टिक असेल तर तपासली. टिक नसेल तर? तपासली आणि अपुरी निघाली, की फाईल अजून उघडलेलीच नाही? चौकट काही सांगत नाही, आणि ‘निरंक’ लिहायला तिच्यात जागा नाही. ही चौकट तक्त्यात आली कशी आणि येताना तिसरं उत्तर कुठे गळालं, याचा माग काढत गेलं की दीडशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात होते. तिथल्या क्वीन्स कॉलेजात गणित शिकवणाऱ्या जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. (पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं ते मेरी एव्हरेस्ट यांच्याशी. हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ही पुतणी.) बूल यांच्या बीजगणितात एक समीकरण कळीचं आहे: क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या आकड्यांत ही अट दोघंच पाळतात, शून्य आणि एक. त्यातून विधान खरं किंवा खोटं, मधलं काही नाही, अशी व्यवस्था उभी राहिली. ते विधान खरं आहे की नाही हे कुणी तपासलंय का, हा बूल यांचा प्रश्नच नव्हता. १९३७ साली एमआयटीत क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की विजेच्या रिलेंची जोडणी याच बीजगणिताने मांडता येते. मंडल जोडलेलं किंवा तुटलेलं. संगणकाचा पाया दोन उत्तरांवर बसला तो असा.

पण माणसांची माहिती यंत्राला खाऊ घालायचं काम त्याआधीच सुरू झालं होतं, आणि तिथली पद्धत वेगळी होती. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत सव्वासहा कोटींहून अधिक माणसांची नोंद हर्मन हॉलरिथ यांच्या छिद्रांच्या कार्डांवर झाली. एका माणसाचं एक कार्ड. ते यंत्रात ठेवून दांडा दाबला, की वरून स्प्रिंगच्या सुया उतरत. जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, मंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. यातली खुबी अशी, की पुरुषासाठी एक जागा होती आणि बाईसाठी दुसरी. ‘पुरुष’ या जागी भोक नाही म्हणून ती व्यक्ती बाई, असं यंत्र धरत नसे. दोन्हीकडे भोक नसलं तर नोंद अपुरी. कार्ड नीट वाचलं गेलं की घंटा वाजे. घंटा वाजली नाही तर ते कार्ड बाजूला काढून पाहायचं. हॉलरिथ यांच्या यंत्रात गप्प राहणं हे उत्तर नव्हतं, ती तक्रार होती.

भोक न पडण्याचा अर्थ काय, हा प्रश्न पुढे साऱ्या जगाने पाहिला. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लॉरिडाच्या अनेक काउंटींमध्ये मतदान अशाच भोकांच्या कार्डांवर झालं. कुठे कागदाचा तुकडा एका कोपऱ्याला लोंबकळत राहिला, कुठे नुसता खळगा पडला. मतदाराने मत दिलंच नाही, की द्यायला गेला आणि टोचणी पुरेशी रुतली नाही? साठ लाखांच्या आसपास मतांमधून निकाल ठरला ५३७ मतांनी. त्याआधी कितीतरी दिवस माणसं कार्डं उजेडात धरून, भिंगातून, तिसऱ्या उत्तराचा शोध घेत बसली होती.

डेटाबेसच्या जगात हे तिसरं उत्तर मांडलं एडगर कॉड यांनी. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून १९७० साली त्यांचा निबंध आला आणि माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवायची, हा विचार रुजला. जिथे माहितीच नाही तिथे काय ठेवायचं, याला त्यांचं उत्तर होतं ‘नल’. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे, ‘ठाऊक नाही’ अशी खूण. त्यामुळे तर्क त्रिमूल्यी झाला: खरं, खोटं, अज्ञात. अज्ञाताला उलटं केलं तरी ते अज्ञातच. याचा झटका प्रत्येक नवा प्रोग्रॅमर एकदा तरी खातो. ‘फी भरली’ म्हणणारे काढले, मग ‘फी भरली नाही’ म्हणणारे काढले, आणि दोन याद्यांची बेरीज वर्गाच्या पटाएवढी भरेना. ज्यांच्यापुढे नल होतं, ते दोन्ही याद्यांतून निसटलेले असतात.

कॉड यांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. १९९० च्या ग्रंथात त्यांनी नलचे दोन भाग सुचवले. माहिती असायला हवी पण मिळालेली नाही, हा एक. प्रश्नच लागू होत नाही, हा दुसरा. आपल्याकडे अर्ज भरणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अविवाहित माणूस जोडीदाराच्या नावापुढे ‘लागू नाही’ लिहूनच खाली सरकतो. डेटाबेस बनवणाऱ्यांनी मात्र ही सूचना उचलली नाही, आणि क्रिस डेट यांच्यासारखे कॉड यांचेच सहकारी तर मुळात नललाच विरोध करत राहिले.

या वादात एक गंमत झाली. डेटाबेसची भाषा एसक्यूएल, तिचं पहिलं प्रमाण १९८६ साली आलं आणि त्यात ‘खरं-खोटं’ हा प्रकारच नव्हता. तो आला १९९९ साली, तोही ऐच्छिक. मधल्या काळात ज्याने त्याने आपापली सोय केली. कुणी एक आणि शून्य ठेवलं, कुणी एकाक्षरी रकान्यात वाय आणि एन. मायएसक्यूएलमध्ये ‘बूल’ म्हटलं की खाली छोटा पूर्णांकच तयार होतो. ओरॅकलच्या तक्त्यांत खराखुरा बूलियन, म्हणजे खरं-खोटंचा, रकाना आला तो थेट २०२३ मध्ये. तोवर तीन माणसांनी भरलेल्या एकाच रकान्यात मोठा वाय, छोटा वाय आणि नुसती मोकळी जागा असे तिघेही शेजारी शेजारी नांदू शकत होते.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ज्यांनी डीबेस आणि फॉक्सप्रो गिरवलं, त्यांना दोन टिंबांमध्ये कोंडलेला ‘ट्रू’चा टी आणि ‘फॉल्स’चा एफ आठवत असेल. ती टिंबं फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वळणाची. डीबेसच्या फाईलच्या रचनेत मात्र एक प्रामाणिक गोष्ट होती. रकाना अजून भरलेला नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवायची तरतूद होती. १९९२ साली मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस आलं आणि त्यात ‘यस/नो’ असा घरगुती नावाचा रकाना मिळाला. ‘हो’साठी तो उणे एक साठवतो, कारण शून्याचे सगळे बिट उलटे केले की संगणकाच्या हिशेबात उणे एक येतो. पण त्या रकान्यात नल बसतच नाही. प्रश्नचिन्ह संपलं. नवी ओळ उघडली की काही विचारायच्या आधीच उत्तर ‘नाही’.

आता चौकटीकडे. कागदी अर्जांवर ती जुनीच. पडद्यावर ती घरोघरी पोचवली १९८४ च्या मॅकिंटॉशने, आणि तिच्यात निवड दाखवायला टिक नव्हती, फुली होती. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही फुलीच. अमेरिकी अर्जावर फुली मारणं म्हणजे ‘हे मला हवं’. आपल्या शाळेत फुली म्हणजे गणित चुकलं. १९९५ च्या विंडोजमध्ये फुली गेली, टिक आली आणि आपला जीव भांड्यात पडला. टिकेचा अर्थ तरी सगळीकडे एक कुठे आहे? स्वीडन आणि फिनलंडच्या शाळांत उत्तर चुकलं की शिक्षक टिकेसारखी खूण करतात. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल मिळतो.

तरी ही चौकट एकट्यादुकट्या अर्जावरची. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत ती बसवायची म्हणजे हजारभर चौकटी, आणि सुरुवातीच्या ग्रिडना, म्हणजे पडद्यावर तक्ता दाखवणाऱ्या तयार घटकांना, तेवढी अक्कल नव्हती. १९९५ च्या डेल्फी या प्रोग्रॅम बनवायच्या साधनातल्या डेटाच्या ग्रिडमध्ये रकान्यात सरळ ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ असे शब्द उमटत. फार तर त्याजागी ‘यस’ आणि ‘नो’ लिहून घ्यायची सोय. वापरणाऱ्याला चौकट हवी असे, म्हणून प्रोग्रॅमर प्रत्येक घर स्वतः रंगवत बसत. सोपा तोडगा म्हणजे विंगडिंग्ज हा चिन्हांचा फॉन्ट. त्यात डोक्यावर दोन टिंबं असलेला यू टाकला की टिक दिसते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर टिकेच्या जागी तो जर्मन यू उघडा पडायचा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर जुन्या मराठी फॉन्टातली पत्रिका उघडून ‘मंगल कार्यालया’ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग हे काम ग्रिडनेच अंगावर घेतलं. जावा भाषेच्या स्विंग या साधनसंचातला तक्ता, रकाना बूलियन आहे म्हटल्यावर, आपणहून चौकट काढू लागला. २००२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या पहिल्या ग्रिडने तर तिसरं उत्तरही पाळलं होतं. तिथला बूलियन रकाना मुळात नल चालवून घेई. क्लिक करत गेलं की टिक, कोरी आणि करडी असा फेरा होई. पण विंडोजमध्ये करडं म्हणजे ‘हे बंद आहे, हात लावू नका’ असंही वाचलं जाई, त्यामुळे करडी चौकट पाहून माणूस बिचकायचा.

२००५ मध्ये डॉटनेटमध्येच डेटाग्रिडव्ह्यू हे नवं ग्रिड आलं. त्यातला चेकबॉक्सचा रकाना बराच शहाणा: वाय म्हणजे टिक आणि एन म्हणजे कोरी, असं त्याला शिकवता येतं. पण तिसरी अवस्था तो आपणहून दाखवत नाही, मुद्दाम चालू करावी लागते. केली नाही तर डेटाबेसमधला नल पडद्यावर कोऱ्या चौकटीसारखा दिसतो, अगदी ‘नाही’च्या शेजारी, तस्सा. कॉड यांनी इतक्या कष्टाने वेगळं काढलेलं ‘ठाऊक नाही’ डेटाबेसात सुखरूप असतं आणि बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत येताना ‘नाही’त विरघळतं. याच ग्रिडची दुसरी खोड अशी, की टिक केली तरी त्या घरातून बाहेर पडेपर्यंत ती खाली नोंदवली जात नाही. टिक दिसते आहे, प्रोग्रॅम म्हणतो नाही, आणि नवा प्रोग्रॅमर दोघांकडे आळीपाळीने बघत बसतो.

वेबवर तर चौकट पुरती मुकी झाली. टिक केलेली चौकट अर्जासोबत सर्व्हरकडे जाते, न केलेली जातच नाही. ‘नाही’ असा निरोपही येत नाही. ती चौकट पानावर होती आणि कोरी राहिली, की पानावर नव्हतीच, हे पलीकडच्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रोग्रॅमर चौकटीच्या आधी त्याच नावाचा एक लपलेला रकाना ठेवतात, त्यात शून्य. कुणी टिक केली नाही तर निदान ते शून्य तरी पोचतं. हा त्यांनी शोधलेला निरंकच.

टिकेच्या अर्थावर न्यायालयांनाही बोलावं लागलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की आधीपासून टिक करून ठेवलेली चौकट वापरणाऱ्याने तशीच राहू दिली म्हणजे त्याने संमती दिली असं होत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीसाठी माणसाची स्पष्ट कृती लागते. गप्प राहणं म्हणजे ‘हो’ नव्हे, हे कायद्याने ठरवलं. गप्प राहणं म्हणजे ‘नाही’ही नव्हे, हे तक्त्याला अजून कुणी ठणकावलेलं नाही.

गूगल शीट्समध्ये २०१८ पासून घराघरात चेकबॉक्स टाकता येतो. एखाद्या सोसायटीचा चिटणीस दोनशे नावांची यादी करतो, ‘सभेला येणार’ असा कोरा रकाना आखतो, तो निवडून एका झटक्यात चौकटी भरतो. कुणाला विचारण्याआधीच दोनशे घरांत ‘फॉल्स’ नोंदलेलं असतं. संध्याकाळी मोजायला बसलं की दोनशे जण येणार नाहीत.

जाणते लोक अशा वेळी चौकट काढून टाकतात. ‘तपासली’च्या जागी ‘तपासल्याची तारीख’ ठेवतात, किंवा ‘हो’, ‘नाही’, ‘विचारायचं बाकी’ अशी तीन शब्दांची यादी. तक्ता दिसायला जरा ओबडधोबड होतो, रकाना रुंद लागतो. पण ‘बाकी’ची नावं वेगळी काढता येतात, जशी घंटा न वाजलेली कार्डं हॉलरिथ यांच्या यंत्राशेजारी वेगळी काढली जात, आणि उद्या सकाळी त्या नावांना फोन लावता येतो.