सोलापुरातील घरबागेची जुनी घडण

सोलापूरच्या घरबागेचा इतिहास पाण्यापासूनच मांडावा लागतो. कारण वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, पाऊस पडणाऱ्या या पठारी शहरात घराभोवती काय लावायचे हे हौसेपेक्षा विहिरीच्या पाण्यावर ठरत असे. माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर माती चोपून केलेल्या सपाट छताच्या वाड्यात चौकातील तुळशीवृंदावन ही पूजेची जागा होती, तर मागील दारची परसबाग घरच्या उपयोगाची होती. न्हाणीघराचे सांडपाणी उघड्या चरीतून प्रथम केळीच्या बुंध्याशी आणि तेथून अळू व कर्दळीच्या वाफ्यात सोडले जाई. एकच पाणी दोनदा वापरणारी ही योजना कोणत्याही आखीव उद्यानकलेइतकीच आदरास पात्र आहे. कढीलिंब, शेवगा, जास्वंद यांना केळी-अळूहून कमी पाणी पुरे. बाराव्या शतकातील शिवभक्त संत सिद्धरामेश्वरांच्या परंपरेमुळे शिवपूजा येथे घरोघरी रुजली आणि बागेत बेलाला महत्त्व आले.

1877 मध्ये सुरू झालेल्या, ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापडगिरणीनंतर शहर झपाट्याने वाढले आणि चाळीतील कुटुंबाला परसू उरले नाही. तेव्हा तुळस पत्र्याच्या डब्यात आली. ज्यांच्याकडे परसबाग होती त्यांना पाण्याबरोबर काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागे, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. म्हणून वाफ्यात शेणखत व वाळू मिसळून ती भुसभुशीत करावी लागे.